कागदावरची बाई आणि माझ्या भाकरी

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा माफी असावी. पण हे दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यायचं नव्हतं.

तामसीकडच्या आमच्या गावातून मी बसनं आदिलाबादला येई आणि कचेऱ्यांत डबे देई. ज्वारीची भाकर, भाजी, ठेचा. बायकांच्या संघमातून, म्हणजे बचत गटातून, कर्ज काढून मोठी शेगडी नि भांडी घेतली होती. मग आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. जेवणारे कारकून नव्या जिल्ह्यांना गेले, डबे निम्मे झाले. हप्ते थकले. एकीचा हप्ता थकला की भार साऱ्याजणींवर येतो, म्हणून बैठकीत माझी मान वर होईना.

तेव्हाच संघमानं आम्हाला धंदा शिकायला शिबिरात पाठवलं. तिथं शिकवणाऱ्या मॅडमनी एक गोष्ट वाचली. एक बाई डबे पुरवते. ज्या कचेरीत डबे जातात, ती कचेरीच दुसऱ्या गावी जाते. आता तिनं काय करावं?

मी पदर तोंडावर घेतला.

"काऊन रडून राह्यली व?" शेजारचीनं विचारलं.

"माही गोष्ट चारचौघींत वाचली यायनं."

मॅडम हसल्या. "अक्का, ही बाई कागदावरची आहे. मीच रचली."

मग बायका त्या बाईच्या मागं लागल्या.

"नवरा काय करते तिचा?"

"सासू भाकरी थापू लागते का नाही?"

"कागदावर सासू नाही," मॅडम म्हणाल्या.

"मंग सुखी हाय ते! बुडू द्या धंदा!"

हसणं थांबल्यावर मी विचारलं, "पण खरं उत्तर कोणतं?"

"माझ्याजवळ नाही. तुम्ही तिच्या जागी बसा आणि सांगा."

शाळेत गुरुजी उत्तर सांगत, आम्ही पाठ करत असू. इथं शिकवणारीच विचारत होती. मला राग आला आणि रागातच तोंड उघडलं. "ते कचेरीची वाट पाहून राह्यली. जेवणारा काय साहेबच असते? मार्केटात कापसाच्या गाड्या लागतात, लोक दिवसभर उपाशी. तिथं टोपली न्यावं तिनं. लाजते कायले?"

"ओरडून विकायची लाजच वाटत असेल तर?" मॅडमनी विचारलं.

"तं एखादी मोठ्या आवाजाची सोबत न्यावं."

"म्हणजे मले!" शेजारची म्हणाली.

स्वतःला कधी सांगितलं नसतं, ते मी त्या बाईला सुनावलं होतं.

कापसाच्या दिवसांत आम्ही दोघी मार्केटात गेलो. ती हाका मारी, मी वाढी. पहिल्या दिवशी साहेबांसाठी करायची तशी पातळ भाकर नेली. एक शेतकरी म्हणाला, "माय, हे भाकर हाय का पापड?" दुसऱ्या दिवसापासून जाड थापली. टोपली रिकामी होऊ लागली, आणि एक दिवस शेजारची आली नाही तेव्हा मीच हाक मारली. लोक वळले.

थकलेले हप्ते आधी भरले. पुढच्या हंगामात उरलेलेही भरले. त्यानंतरच्या बैठकीत मी पुढं बसले आणि सगळं कर्ज फिटल्याचं मीच मोठ्यानं सांगितलं.