वाक्यातली आई

मास्तरांची आई त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना ठाऊक होती, आणि तिला पाहिलं मात्र कुणीच नव्हतं.

मास्तरांच्या शिकवण्याची तऱ्हाच तशी होती. इंग्रजीतला रोजच्या बोलण्यातला एखादा प्रयोग घ्यायचा आणि त्याची घरातली, बाजारातली, कामावरची वाक्यं करत सुटायचं, समोरच्याच्या तोंडात बसेपर्यंत. व्याकरणाचं नाव काढलं की ते हात जोडत. "नियम पाठ करून कुणी पोहायला शिकलंय का? पाण्यात पडा!" चपलांच्या दुकानावरची भाड्याची खोली, खालून सतत येणारा सरसाचा वास, बाकं भरली की खिडकीच्या कट्ट्यावर बसणारी माणसं. बाहेर साधी पाटीसुद्धा नव्हती, तरी जागा मिळत नसे, कारण मास्तर खरोखरच छान शिकवत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्यांच्याबद्दल फारसं चांगलं बोलायला जागा नाही.

यंदाचा वर्ग परदेशी जाणाऱ्यांचा होता. तिकडच्या वृद्धाश्रमांत म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची, हे काम. बहुतेक बायका, दोन-चार पुरुष. त्यामुळे यांचा हुकमी प्रयोग एकच, 'लुक आफ्टर'. सांभाळणं, लक्ष ठेवणं, देखभाल करणं. मुलाखत घेणारे फिरून फिरून त्यावरच येतात, म्हणून मास्तरांनी तो घोटून घेतला होता.

"दुकान कोण बघतं? 'हू लुक्स आफ्टर द शॉप?' भाऊ बघतो. 'माय ब्रदर लुक्स आफ्टर द शॉप.' स्टेशनवर शेजारणीला सांगायचंय, जरा पिशवीकडे लक्ष द्या. 'प्लीज लुक आफ्टर माय बॅग.' कुणी गावाला निघालं, जपून राहा म्हणायचंय. 'लुक आफ्टर युवरसेल्फ.' आता तुम्ही करा."

पण या सगळ्याच्या आधी एक वाक्य यायचं, दर वेळी, फळ्यावर सगळ्यात वर. 'आय लुक आफ्टर माय मदर.' मी माझ्या आईला सांभाळतो.

मग त्या आईला पाय फुटत. ती चहात साखर घेत नाही. संध्याकाळी मुलाच्या हाताला धरून फिरायला जाते. रेडिओवरच्या बातम्यांशी भांडते. एकेका वाक्यानं मास्तरांनी अख्खी आई उभी केली होती. आल्याआल्या कुणी विचारायचं, "सर, आई कशा आहेत?" मास्तर फळ्याकडे तोंड करून म्हणायचे, "मजेत."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आई होती शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या बहिणीकडे. वडील गेले तेव्हा भावंडांत ठरलं होतं, सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे. ताईचे सहा महिने झाले तेव्हा मास्तरांकडे रंगकाम निघालं. मग मुलाची परीक्षा आली. बायकोवर ढकलायचीही सोय नव्हती, कारण ती बिचारी "घेऊन या हो त्यांना" असंच म्हणत होती. पुढे पुढे तर कारणच लागेनासं झालं. इतके दिवस गेलो नाही, आता कुठल्या तोंडानं जायचं, हेच कारण झालं. लाज वाटते म्हणून जायचं नाही, आणि जात नाही म्हणून आणखी लाज. ताईचा फोन आला की ते "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणत आणि घाईघाईनं ठेवून देत.

तर मुलाखती तोंडावर आल्या आणि वर्गातल्या मावशी उभ्या राहिल्या. या मावशी रुग्णालयात आया होत्या, वयानं सगळ्यांत वडील, आणि वर्गाच्या वतीनं बोलायचा मान त्यांनी आपला आपणच घेतलेला.

"सर, आम्ही एकमेकींनाच म्हाताऱ्या समजून बोलतो आणि खिदळत बसतो. असा कुठं सराव होतो? तुमच्या आईंना आणा की एक दिवस. आम्ही इंग्रजीत विचारू, त्या आपल्या बोलीत सांगतील, तुम्ही मध्ये बसून इंग्रजी करून द्या."

"तिला जिना..." मास्तर म्हणाले.

"उचलून आणू! तेच तर आमचं काम."

सगळा वर्ग हसला. नाही म्हणावं तर त्यांच्या मुलाखतीचं नुकसान, हो म्हणावं तर आई आणायची कुठून? पण मास्तर हो म्हणून गेले.

ताईकडे ते दुपारी गेले. ती पलंगावर धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. आई आतल्या खोलीत झोपली होती.

"ताई, आई एका दुपारपुरती हवी होती."

ताईचे हात थांबले. "हवी होती म्हणजे? शिडी आहे का ती, नेली आणि आणून ठेवली?"

मास्तरांनी सांगितलं, म्हणजे अर्धंच. वर्ग, सराव, मुलाखती. फळ्यावरच्या वाक्याचं सांगायला जीभ रेटेना. ताई भांडली असती तर बरं झालं असतं, तेही भांडले असते. पण ती म्हणाली, "ने. मलाही घटकाभर पाठ टेकता येईल. पाणी घोटाघोटानं दे, तिला ठसका लागतो. आणि मोठ्यानं नको बोलूस, ऐकू येतं तिला. सगळं ऐकू येतं."

ठरल्या दिवशी रिक्षात आई कडेला बसली, नवे कपडे घालून, एखाद्या समारंभाला निघाल्यासारखी. मास्तरांना वाटलं, तिथं कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं.

"आई, मी वर्गात तुझ्यावर वाक्यं करतो."

"माझ्यावर? काय रे, काय करतोस?"

"हेच. मी तुला संध्याकाळी फिरायला नेतो, असं."

"रोज?"

"...रोज."

आई बाहेर बघत म्हणाली, "दमत असशील."

वर्गानं आईचं भारीच स्वागत केलं. दोघांनी खुर्चीसकट अलगद वर आणलं, पाठीला उशी दिली. मग एकेकीनं समोर बसून विचारायचं. आर यू कम्फर्टेबल, मॅडम? डिड यू स्लीप वेल? मास्तर आईला सांगत, तिचं उत्तर इंग्रजीत करत. आई रंगात आली होती. झोप कशी लागली विचारल्यावर म्हणाली, "लागली, पण झोप आली तेव्हा मी जागी होते." वर्ग पोट धरून हसला. मास्तरांनाही वाटलं, निभावलं.

शेवटी मावशी बसल्या. नीट, सावकाश, एकेक शब्द उच्चारत त्यांनी विचारलं, "हू लुक्स आफ्टर यू अ‍ॅट होम?"

मास्तरांना ते आईला सांगावंच लागलं. "त्या विचारतायत, घरी तुला कोण सांभाळतं."

आईनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं.

"हाच की," ती म्हणाली.

"माय सन लुक्स आफ्टर मी," मास्तर म्हणाले. वर्गानं टाळ्या वाजवल्या, आणि आई थांबेल तर ना!

"रात्री हाक मारली की उठतो. कितीदा मारली तरी उठतो. एकदा रागाच्या भरात मी ताट भिरकावलं. चकार शब्द बोलला नाही. फरशी पुसली आणि पुन्हा वाढून आणलं."

मास्तर इंग्रजी करत होते. सवयीनं वाक्यं बिनचूक येत होती, आणि त्यातला एकही शब्द त्यांचा नव्हता. फरशी ताईनं पुसली होती. आई ताट भिरकावते हे त्यांना आत्ता, सगळ्या वर्गाबरोबर कळत होतं.

"स्वतःचं दुखणं सांगत नाही," आई म्हणाली. "परवा न्हाणीघराच्या दारात बसून रडत होता. मला ऐकू जाणार नाही असं वाटलं त्याला."

मास्तर थांबले.

"सर, इंग्रजीत?" मागून कुणीतरी विचारलं.

इथं त्यांना खरं सांगता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "वन डे ही वॉज क्रायिंग."

मावशींनी डोळे पुसले आणि मास्तरांना म्हणाल्या, "सर, नशीब लागतं असा मुलगा मिळायला." मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना रिक्षा निम्म्या वाटेवर आली तेव्हा मास्तरांनी विचारलं.

"आई, खरं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर?"

"नाचक्की झाली असती माझी. व्हायलाच हवी होती."

"झाली असती. मग तू तोंड लपवलं असतंस." आईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लहानपणी बरणी फोडलीस आणि दिवसभर माळ्यावर लपून बसलास. मारायला नव्हतं रे कुणी शोधत, जेवायला शोधत होतो. आता या वयात कुठल्या माळ्यावर जाशील, आणि मी कशी चढणार?"

मास्तरांनी त्या हातावर आपला हात ठेवला.

"वाईट वाटतं ते एवढंच," आई म्हणाली, "पोरीचं सगळं केलेलं मी तुझ्या पदरात टाकून आले. तिच्यापुढं आता कशी बसू?"

दार ताईनंच उघडलं. झोपून उठल्याचं दिसत होतं. "कसं झालं?"

मास्तरांनी आईला पलंगावर बसवलं आणि ताईकडे न बघता म्हणाले, "तू करतेस ते सगळं आईनं माझ्या नावावर सांगितलं. मी ते इंग्रजीत करून दिलं. तू न्हाणीघराशी रडलीस तेसुद्धा."

ताईनं आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. मास्तरांना वाटलं, आता ही आपल्याला दाराबाहेर काढेल, आणि काढलं तर बरंच होईल.

"चला," ताई हळूच म्हणाली, "कुणाच्या तरी कानावर गेलं."

मग तिनं विचारलं, "आता पुन्हा कधी येतोयस?"

"तारीख नको विचारूस त्याला," आई म्हणाली. "तारीख दिली की तो येत नाही."

पुढच्या महिन्यात, असं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि नुसते उभे राहिले. ताई आईच्या पायांशी खाली बसली.

"उभा काय राहिलास? पाय चेपायचेत तिचे," ती म्हणाली. "एक तू घे."