दिवेलागणीला मीठ मागायला आलेली बाई

बायांनो, रागानेच लिहितेय, आणि राग माझाच आलाय.

माझं घर कल्याणच्या निर्वासितांच्या छावणीला लागून. काल दिवेलागणीला तिथली एक सिंधी बाई दारात आली. फाळणीत घरदार सोडून आलेली, मराठीचा एक शब्द येत नाही. मिठाच्या बरणीकडे बोट दाखवून तिने ओंजळ पुढे धरली नि भराभरा काहीतरी बोलत राहिली.

मी म्हटलं, "अगं बाई, दिवे लागल्यावर मीठ देत नाहीत आमच्यात. सकाळी ये!" तिला कळेना, तर मी आणखी ओरडले, जशी काय ती बहिरीच! शेवटी दार लावून घेतलं.

आज सकाळी टांगेवाल्याने सांगितलं, त्याला दोन्ही भाषा येतात. तिच्या लहान पोरीने कुंपणाच्या मोगली एरंडाच्या विषारी बिया खाल्लेल्या. आपली पोरं त्याला हात लावत नाहीत, या नव्या लोकांना कोण सांगणार? मिठाचं पाणी पाजून पोरीला ओकवायचं होतं. पोर आता दवाखान्यात आहे, डोळे उघडत नाही.

सासूबाई म्हणतात, "तुला गं काय माहीत?" नव्हतंच माहीत. पण ती रडत होती, ते दिसत होतं मला.

तुम्ही दिलं असतंत का मीठ? खरं सांगा.