मागचं पान

पारोळ्याच्या बाजारातला तो रद्दीवाला वही तराजूत टाकण्याआधी अंगठा सदऱ्याला पुसायचा, वही उलटी करायचा आणि शेवटचं पान वाचायचा. मी शाळेत मराठी शिकवते. वर्गासाठी जुनी गोष्टींची पुस्तकं शोधायला त्याच्याकडे जायचे. एकदा न राहवून विचारलं, "भाऊ, मागून काय वाचता?"

"पुढला पानंस्वर फळ्यावरनं लिखेल ऱ्हास, मॅडम. पोरं मांगला पानवर सापडतस."

मला ते इतकं पटलं की दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगून टाकलं, मागची पानं तुमची. काहीही लिहा, शुद्धलेखन तपासणार नाही. मुलं कविता लिहायला लागली. मधल्या सुट्टीत एकमेकांना वाचून दाखवायला लागली. मी खूश होते.

डिसेंबरात त्याच्याकडे गेले तेव्हा एक वही त्याने गठ्ठ्यातून बाजूला काढून ठेवली होती. जेमतेम अर्धी भरलेली.

"ही का वेगळी?"

"भरेल वही मे महिनामा येस. अर्धी कोरी वही आते येस, ती पोरनी ऱ्हास. लगीन व्हई जास तिनं."

माझ्या वर्गातली एक मुलगी पंधरा दिवस आली नव्हती. मी हजेरीत रोज गैरहजर लिहीत होते. चौकशी केली नव्हती.

त्याने सवयीने वही उलटी केली आणि माझ्यापुढे धरली. मागच्या पानावर कवितेचं एकच कडवं होतं. खाली लाल शाईत माझं अक्षर होतं, 'छान! पुढचं कधी दाखवतेस?'