शेवटच्या संध्याकाळचा ढीग

भालकीच्या कापड दुकानात माझ्या शेजारी गादीवर बसणारे अप्पा कधी म्हणून घाई करायचे न्हाईत. चहा बशीत ओतून, फुंकून फुंकून प्यायचे. गिऱ्हाईक कन्नड बोलू दे न्हाईतर मराठी, अप्पा दोन्हीत तितकंच हळू बोलायचे.

उदगीरच्या दुकानात जागा मिळाली म्हणून त्यांनी महिन्याची नोटीस दिली, आणि मॅनेजरनं कामं वाढवली की! गठ्ठे फोडा, माळा झाडा. अप्पा आपले "व्हय, करतो की" म्हणायचे. राग मलाच यायचा!

"कामून ऐकायलाव, अप्पा?"

"महिना भरूस्तोर मी हितलाच हाय, बाबा."

शेवटच्या संध्याकाळी लग्नाचा बस्ता बांधायला लोक आले. मॅनेजरनं हौसेनं स्वतःच साड्या उलगडल्या, ढीग केला. लोक गेल्यावर म्हणाले, "अप्पा, एवढ्या घड्या घालून जावा."

उदगीरची शेवटची बस सुटायला आलती. सकाळी तिथं हजर न्हाई झाले तर जागा दुसऱ्याला जाणार, हे मॅनेजरलाही ठाऊक होतं!

अप्पांनी सावकाश टोपी घातली. "साहेब, आपल्या दुकानात जो उलगडतो तोच घडी घालतो. तुमीच शिकिवलंय मला."

मॅनेजरनं खाली बसून घडी घालायला एक साडी ओढली. अप्पांनी वाकून नमस्कार केला, हळूहळू पायऱ्या उतरले.

मी दारातून बघितलं. रस्त्यावर जाताच अप्पांनी धोतर खोचलं, चपला हातात घेतल्या आणि बसस्टँडकडं असे पळायलते, असे पळायलते!