बिनखताचा पट्टा

किन्हीराजा गावचा देवमन बोलायला लागला की माणसं बैलांना पाणी दाखवायचं निमित्त काढून उठत. माझा बांध त्याच्या बांधाला लागून, मी कुठे पळणार! त्याची बायको बहात्तरच्या दुष्काळात गेली, मुलगी मंगरूळपीरला नांदत होती. घरी गेलं तरी 'आलात का' म्हणणारं कोणी नव्हतं.

अशात माती तपासणीचे मदनसिंग त्याच्या शेतात आले. जमिनीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे शेणाचा, पालापाचोळ्याचा कुजून मातीत उरलेला कस, वर्षागणिक वाढतो की घटतो हे त्यांना मोजायचं होतं. त्यांनी शेजारीशेजारी दोन पट्टे आखले. एकाला मोजून शेणखत, दुसऱ्याला काहीच नाही. दर उन्हाळ्यात ते येत, दोन्हींतली वीतभर खोलीची माती काढत आणि मग बांधावर बसून विचारत, काय पेरलं होतं, पाऊस कसा झाला, तण किती माजलं. देवमन पार वखरणीपासून सुरू करी आणि साहेब सगळं ऐकून घेत. त्या एका दिवसाची तो वर्षभर वाट बघे. सणाला पोरगी आली नाही तरी चाले, साहेब यायला हवेत.

एका उन्हाळ्यात माती नेल्यावर साहेब महिन्याभरातच परत आले. देवमन हरखला. एका वर्षात दोनदा!

"देवमनभाऊ, दोनी पट्ट्यात कर्ब सारखाच निगून राह्यला. बिनखताच्या पट्ट्यात कोनी खत टाकलं का?"

मी तिथेच होतो. ढोरं बसली असतील म्हणाला असता तर निभावलं असतं. पण या बाबाला खोटं बोलता येईल तर ना!

"म्याच टाकलं," देवमन म्हणाला. "एका पंगतीत एकाले वाडाचं अन् दुसऱ्याले उपाशी उठवाचं? मले पाह्यवलं नाही."

मदनसिंग हसले. "मंग हे वावर बाद होते, भाऊ. आता हेमसिंगच्या वावरात नवे पट्टे आखतो."

"म्हंजे तुमी इकडं येनार नाही?"

"इकडं कामच नाही राह्यलं न."

त्यांनी सायकल वळवली. देवमनने हँडल धरलं. मला इतकं वाईट वाटलं की मी तिकडे बघू शकलो नाही.

"माती नका नेऊ, साहेब," तो म्हणाला. "पन यंदा काय पेरनार, येवढं इचारून त जा."