संध्याकाळचा तास

दगडाबाईंकडे शिकायला जायचं, तर पहिला महिना त्यांनाच काहीतरी शिकवावं लागतं. हा त्यांचा नियम. सिडकोतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात एका वेळी एकच मूल बसतं, त्याची आई बाहेर जिन्याच्या पायरीवर, आणि पहिला महिनाभर दप्तराची चेन उघडायचीच नाही. पोराला जे येतं ते त्यानं बाईंना शिकवायचं. कुणी पतंगाला कन्नी बांधायला शिकवलं, कुणी मोबाइलवरचा खेळ, एकीनं तर शिट्टी. वयाच्या बासष्टाव्या वर्षी दगडाबाई दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारतात, की समोरचे निवृत्त तलाठी धाडकन खिडकी लावून घेतात.

त्यांचं म्हणणं सरळ आहे. जे लेकरू आठ वर्षं वर्गात 'याला येत नाही' एवढंच ऐकत आलंय, त्याला आपल्याला काहीतरी येतं हे आधी आठवू द्यावं. आणि न येणाऱ्याच्या पोटात कसा गोळा येतो, ते मास्तरणीलाही कळू द्यावं.

नावाचं म्हणाल, तर त्यांच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून चौथीचं नाव दगडा ठेवलं, कुणाची नजर पडू नये म्हणून. नवीन मूल नाव ऐकून गालात हसलं, की बाई लगेच म्हणतात, "शाळेत तुला दगड म्हणत्यात ना? खोटं हाय ते. दगड मी. माझ्या आधार कार्डावर छापलंय. तू कोण ते सांग." मूल खो खो हसतं आणि अर्धं काम तिथंच होतं.

गेल्या जूनमध्ये अरफा आली. नववीतली, दोन घट्ट वेण्या, नजर जमिनीला खिळलेली. जुन्या शहरात, शहागंजात शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्या नवाबभाईंची ही मुलगी. विज्ञानाचा धडा वाचून दाखवला तर सगळा समजणारी, वर उलट चार प्रश्न विचारणारी. पण पुस्तक हातात दिलं, की अक्षरं मुंग्यांसारखी पळायला लागायची. शाळेनं तिला आळशी ठरवून टाकलं होतं.

अरफानं बाईंना शिकवायला घेतलं ते कापडाच्या कडा शिवणारं ओव्हरलॉकचं मशीन. तिची आई जमिला ते रिक्षात घालून घेऊन आली. या मशीनला चार दोरे लागतात आणि प्रत्येक दोऱ्याची वाट वेगळी. दगडाबाईंचे अकरा दिवस त्यात गेले. हिरवा दोरा ओवला की निळा सुटायचा, निळा धरला की सुई मोकळी. सातव्या दिवशी अरफा वैतागून म्हणाली, "बाई, लक्ष कुठंय तुमचं? कालच तर सांगितलं होतं!"

बोलून झाल्यावर तिनं जीभच चावली. बाई मात्र खूश झाल्या. हे वाक्य त्यांनी स्वतः शाळेतल्या अडतीस वर्षांच्या नोकरीत किती पोरांना ऐकवलं असेल, त्याची गणती नव्हती. आज ते व्याजासकट परत आलं होतं आणि बाईंना ते फार गोड लागलं. बाराव्या दिवशी मशीन घरघरलं, चारही दोरे बरोबर पडले आणि दोघी टाळ्या पिटत खोलीभर नाचल्या. जमिला पायरीवरून धावत आत आली, तिला वाटलं कुणाला सुई लागली.

मग खरा अभ्यास सुरू झाला. ताटात रवा पसरून त्यात बोटानं अक्षर गिरवायचं, ते तोंडानं म्हणायचं, मग कापडावर सुईदोऱ्यानं शिवायचं. अरफाच्या हातात आलं की ते अक्षर तिला सोडून जायचं नाही. दिवाळीपर्यंत ती धडा वाचायला लागली. अगदी हळू, पण स्वतःचं स्वतः. अडचण एकच होती, वेळ. इतर मुलं जेवढ्या वेळात अख्खा पेपर सोडवतात, तेवढ्यात अरफाचे प्रश्न वाचून होत.

त्यावर उपाय होता. सरकारी दवाखान्यात तपासणी करून वाचनाच्या अडचणीचं प्रमाणपत्र घेतलं, की दहावीला जादा वेळ मिळतो, गरज असेल तर लेखनिकही मिळतो. त्यासाठी नववीतच शाळेतून एक अर्ज भरून द्यायचा आणि त्यावर वडिलांची सही हवी. शेवटची तारीख शनिवार. ही तारीख हुकली तर अरफानं दहावीचा पेपर इतरांच्याच वेळात सोडवायचा, म्हणजे अर्धा कोरा ठेवायचा. आणि नवाबभाईंनी घरी आधीच सांगून ठेवलं होतं, की पोरगी नापास झाली तर शाळा बंद, दुकानात बसेल.

जमिलानं अर्ज तीनदा नवऱ्यापुढे ठेवला आणि तिन्ही वेळा तो तसाच परत आला. पहिल्यांदा चष्मा सापडत नव्हता. दुसऱ्यांदा लाइट गेली होती. तिसऱ्यांदा गिऱ्हाईक दारात उभं होतं.

दगडाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाला पोरीची लाज वाटते, दुसरं काय! गुरुवारी दुपारी त्यांनी पिशवीत अर्ज आणि अरफाचं प्रगतिपुस्तक टाकलं, शेअर रिक्षा पकडली आणि भांडायच्या पूर्ण तयारीनं शहागंजात उतरल्या. काय काय सुनवायचं ते वाटेत त्यांनी ओळीनं ठरवलं होतं.

नवाबभाईंचं दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं रस्त्यावर थांबावं एवढं. नवाबभाई तेलकट हातांनी उठले, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. भांडायला आलेल्या माणसाची चहानं फार पंचाईत होते. बाईंनी कप तोंडाला लावला आणि इकडेतिकडे पाहिलं. भिंतीला चाळीसेक छोटे खण होते. एकावरही चिठ्ठी नव्हती. प्रत्येकावर त्यातली वस्तूच स्क्रूनं बसवलेली. बॉबिनच्या खणावर बॉबिन, सुईच्या खणावर सुई. दुरुस्तीला आलेल्या मशिनींच्या वहीत गिऱ्हाइकांची नावं नव्हती, चित्रं होती. एक बाई आणि तिच्या कडेवरचं मूल, एक दाढीवाले चाचा.

"नवाबभाई," बाईंनी अर्ज पुढे केला, "सहीचं काय झालं?"

"करतो ना मॅडम. चष्मा घरी राहिला. रात्री निवांत वाचून करतो."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच होता.

बाईंनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. पिशवीतून प्रगतिपुस्तक काढलं आणि पालकाच्या सहीचं पान उघडलं. पाचवीपासूनच्या सह्या ओळीनं होत्या, देवनागरीत 'नवाब शेख', घोटीव, सुरेख. आणि सगळ्या तंतोतंत सारख्या. 'ख'ची गाठ प्रत्येक ठिकाणी तेवढीच, वरची रेघ प्रत्येक ठिकाणी तेवढीच लांब. लिहिणाऱ्याच्या हाताला रोज थोडी घाई असते, थोडा कंटाळा असतो. या सह्यांत ते काहीच नव्हतं. असं अक्षर दगडाबाईंनी आयुष्यात फक्त एकाच मुलाच्या वह्यांमध्ये पाहिलं होतं, आणि त्या वह्यांनी त्यांची झोप उडवली होती.

भांडणाची ओळीनं लावलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"एक गोष्ट सांगू का नवाबभाई?" त्या म्हणाल्या. "बिडकीनच्या शाळेत माझ्याकडं सांडू नावाचा पोरगा होता. फळ्यावरचं असं उतरवायचा, की मोत्याचे दाणे! मी त्याच्या वहीवर चार वर्षं 'छान' लिहिलं. त्याची वही सगळ्या वर्गाला दाखवायचे. पण कधी उभं करून वाचायला लावलं नाय. अक्षर इतकं देखणं, त्याला काय वाचायला लावायचं? पाचवीनंतर शाळा सुटली त्याची. मोठा झाला, दुकानाच्या पाट्या रंगवायला लागला. मी रिटायर झाले त्या वर्षी घरी आला, हातात कागद. म्हणला, बाई, पाटी रंगवलीय, त्याच्यावर काय लिवलंय तेवढं वाचून सांगता का?"

नवाबभाईंनी हातातली तेलाची कुपी खाली ठेवली.

"त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं. चारही वर्षं तो चित्र काढत होता. आणि मी त्या चित्राला छान म्हणत होते." बाईंनी कप खाली ठेवला. "पोरगा हुशार होता म्हणून मला फसवू शकला. चूक माझी होती. तो माझा पहिला विद्यार्थी, एकट्याला शिकवलेला."

"किती वय होतं मॅडम, तेव्हा त्याचं?"

"एकतीस."

"आणि वाचतो?"

"व्हय. लई हळू वाचतो. पण आता पाटीतल्या चुका गिऱ्हाइकाला तोच दाखवतो, आणि मग भांडणं होत्यात!"

नवाबभाई हसले. मग खाली मान घालून बराच वेळ एक स्वच्छ असलेलाच स्क्रू पुसत बसले.

"मॅडम, त्या कागदात एक सवाल आहे. जमिलानं वाचून दाखवला होता. घरात आणखी कुणाला अशी तकलीफ आहे का म्हणून. हो म्हणावं तर सगळ्यांना कळणार, नाय लिहून सही करायला मन होईना." ते थांबले. "शाळेत मला लई मारलं. सही तर बाजूच्या दुकानवाल्यानं काढून दिली, महिनाभर गिरवली. जमिलाला पण नाय सांगितलं आजपर्यंत. पोरगी वाचत नव्हती तेव्हा मला वाटलं, माझाच ऐब तिच्यात उतरला. तिला समजलं तर बापाला काय म्हणेल?"

दगडाबाईंच्या मनात आलं, की पायरीवर बसून जमिलानं आपल्याला सांगितलेलं आता सांगून टाकावं. 'यांना वाचता येत नाही, ते मला लग्नाच्या आठव्या दिवशीच कळलं बाई. पण बोलले नाय. त्यांना वाटतं मला माहीत नाय, तर वाटू द्या.' ते ऐकलं त्या दिवशी बाईंना वाटलं होतं, की माणूस शाळेतच गेला नसेल; सहीपुरतं तर येतंच, म्हणून अर्जाच्या रागात त्यांना ते आठवलंही नव्हतं. पण नवरा-बायकोतलं ते झाकण आपण काढू नये, असं ठरवून बाईंनी चहा संपवला.

"अरफाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा," त्या उठत म्हणाल्या. "उद्या जुम्मा. दुकान बंद असतं तुमचं. पाच वाजता या. अर्ज पोरगीच भरणार हाय, स्वतःच्या हातानं."

दुसऱ्या दिवशी पाच वाजून गेले, सव्वापाच झाले. अरफा अर्ज भरत होती. एकेक शब्द बोटाखाली धरून वाचायची, मग लिहायची. बाई तिच्याकडे कमी आणि दाराकडे जास्त पाहत होत्या. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. इस्त्रीचा पांढरा कुर्ता घातलेले नवाबभाई दारात उभे होते आणि मागे जमिला. आज बाईंनी नियम मोडला, दोघांना आत घेतलं.

अरफा त्या प्रश्नापाशी आली. तिनं तो हळू, पण न अडखळता मोठ्यानं वाचला, "कुटुंबात इतर कोणाला वाचन-लेखनाची अडचण आहे काय?" आणि नेहमीच्या सवयीनं 'नाही' लिहायला पेन टेकवलं.

"हो लिही," नवाबभाई म्हणाले.

"कोणाला?"

"अब्बाला."

जमिला पदराशी चाळा करत खाली पाहत होती, पण तिच्या ओठांवर हसू होतं. अरफानं बापाकडे पाहिलं. मग तिनं प्रगतिपुस्तक ओढून सह्यांचं पान काढलं.

"पण अब्बा, तुमचं अक्षर तर किती छान आहे!"

"ते अक्षर नाय बेटा. चित्र आहे ते."

अरफानं त्या सह्यांवरून बोट फिरवलं, रव्यातल्या अक्षरावरून फिरवते तसं. तिचे डोळे भरून आले होते, पण ती रडली नाही. म्हणाली, "म्हणजे मी तुमच्यावर गेलेय!" आणि ते असं म्हणाली, जणू कुणी तिला सोन्याचे डूल दिले होते. नवाबभाईंना मात्र रडू आवरलं नाही. दगडाबाईंनाही नाही; त्यांनी उगाच स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

अरफानं 'हो' लिहिलं, समोर 'वडील' लिहिलं, आणि अर्ज बापापुढे सरकवला. नवाबभाईंनी बाह्या सारल्या आणि आपलं सुरेख चित्र काढून दिलं. शेवटची रेघ ओढून झाल्यावर पेन त्यांनी हातातच ठेवलं.

"मॅडम," त्यांनी चाचरत विचारलं, "या वयात... मला पण मिळतं का ते सर्टिफिकेट?"

"सर्टिफिकेटचं मला माहीत नाय," बाई म्हणाल्या, "पण तास मिळंल. आधी महिनाभर मला मशीन खोलून जोडायला शिकवावं लागंल."

"चालेल ना! कधी येऊ? संध्याकाळी दुकान बंद करून..."

"संध्याकाळी नाय," अरफा मध्येच म्हणाली आणि रव्याचं ताट दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून घेतलं. "संध्याकाळचा तास माझा आहे. तुम्ही सकाळी या, अब्बा. बाई एका वेळी एकालाच शिकवतात."