फोटोतला हात इब्राहीमभाईंचा

मी एका माणसाला फोटोतून कापलं.
आज तो माणूस गेला.

मिरकरवाड्याचे इब्राहीमभाई. जाळी विणायचे, फाटलेली सांधायचे.

माझ्या प्रोफाइलवर मानसीचा फोटो आहे ना, हातात काचेसारखी वडी धरलेली, तुम्ही सगळ्यांनी लाईक केलेला? तिच्या कोपराशी एक हात दिसतो.
तो त्यांचा.

मी चौथी शिकलेली. एकेक अक्षर शोधून लिहितेय, चुकलं तर समजून घ्या.

मानसी माझी नात. बायोटेक का काय ते करते. हुशार आहे हो, मी म्हणून नाही सांगत.
आपल्याकडे बी काढून घेतली की काजूची बोंडं बागेतच कुजतात. त्या बोंडांच्या रसावर यीस्ट वाढवायचं, पाव फुगवतात तेच, आणि त्याचं गुरांना पौष्टिक खाणं करायचं, असं तिचं प्रोजेक्ट.

पण यीस्टला कुठला रस मानवतो, किती पातळ, ते बघायला मोठाली यंत्रं लागतात. तिच्या कॉलेजला ती कुठली परवडायला.
म्हणून ही चिप, फोटोतली वडी ती हीच. केसाएवढ्या नळ्यांची. थेंबाथेंबाने सगळे प्रकार एकदम बघायचे.
वरणाची चव आपण तळहातावर घेऊन बघतो, पातेलं तोंडाला लावत नाही. तसंच.

तंगूस, म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी, ताणून ठेवायची. वरून सिलिकॉन ओतायचं. घट्ट झालं की दोरी ओढून काढायची. तिची जागा पोकळ राहते, तीच नळी.

पण ओढताना वडी फाटायची. सारखी फाटायची. पोरगी जेवेना. मी बांगड्याचं तिखलं केलं तरी जेवेना.

आणखी तंगूस आणायला दोघी मिरकरवाड्याला गेलो. इब्राहीमभाई जाळ्यात पाय पसरून बसलेले.
"काय गो पोरी, एवढ्याशा दोरीने कुठला मासा धरतेस?"
तिने सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माणूस आमच्या पडवीत हजर. हातात जाळ्याचा डोळा, म्हणजे भोक, मापायची लाकडी पट्टी. त्या पट्टीने मापून त्यांनी दोऱ्या सारख्या अंतरावर ताणल्या.
"झटका देऊ नको. पिळत पिळत ओढ. मासा नाही तो, पळून नाही जायचा."

दोन रस आत एकत्र यायला हवेत, तिथे दोऱ्या नुसत्या एकमेकींना टेकवायच्या. गाठ चालत नाही.
मला म्हणाले, "वयनी, जन्म गेला गाठी मारण्यात. आता तुमची नात म्हणते, गाठ नको."

महिनाभर येत होते. स्वतःच्या हौसेने. चहासुद्धा बिनसाखरेचा.

वडी अख्खी निघाली त्या दिवशी मानसीने माझं कोकमाचं आगळ आत सोडलं. लाल रेघ सरसर गेली आणि दुसऱ्या नळीला मिळाली. मी टाळ्या वाजवल्या, या वयात.
इब्राहीमभाई तोंडभर हसले.
मी माझ्या फोनवर फोटो काढला.

आणि इथे टाकताना त्यांना कापलं.

का?
मळकं बनियन, लुंगी. नातीच्या शेजारी बरं दिसत नाही म्हटलं. शिवाय लोक म्हणाले असते, हिने एकटीने कुठे केलं.
हात तेवढा निघेना. मानसीचं कोपर गेलं असतं.

लांज्याच्या भाच्याने कमेंट टाकली, "मावशी, हात कोणाचा?"
मी लिहिलं, "कामाला आलेल्या माणसाचा."
मानसीने विचारलं तेव्हा सांगितलं, फोनने आपोआप कापलं.

पुढे मासे आणायला गेले तर इब्राहीमभाई म्हणाले, "वयनी, सुनेने फोटो दाखवला. हात बरा आलाय माझा."
हसले.
मीही हसले आणि बांगडे घेऊन घरी आले. तेव्हाच बोलायचं होतं. नाही बोलले.

आज सकाळी मानसी आणि मी त्यांच्या घरी गेलो. त्यांची सून जवळ येऊन बसली.
"काकी, अब्बांचा हसतानाचा एकही फोटो नाही घरात. तुमच्याकडे तो पूर्ण असेल ना?"

मानसीने माझा फोन घेऊन सगळीकडे शोधलं. मी कापलेलाच सेव्ह केला होता. आधीचा राहिलाच नाही.
तिने फोन परत माझ्या हातात दिला.

सुनेला मी सांगितलं, "मीच कापला गं."
ती म्हणाली, "असू दे काकी. हात आहे ना."

म्हणून तोच फोटो परत टाकतेय. जे कापलं ते लिहून देते, मला दुसरं काही येत नाही.

उजवीकडे इब्राहीमभाई बसलेत. डोक्यावर पांढरी टोपी. चष्म्याची एक काडी तंगुसाने बांधलेली. पुढचा एक दात नाही. चिपकडे नाही, मानसीकडे बघून हसतायत.

भाच्या, वाचतोयस ना? तो कामाला आलेला माणूस नव्हता. मानसीच्या चिपमधली पहिली वाट त्या हाताने मोकळी केली.

इब्राहीमभाई, या वयनीची श्रद्धांजली पोचली तर घ्या.
माफी मी तुमच्या तोंडावर मागायला हवी होती.